गेलेल्या व्हायरसची हजेरी

व्हायरसाबद्दल माझी काहीही तक्रार नाही. तो मंगळवारी एका झेरॉक्सच्या दुकानातून पेनड्राइव्हमध्ये बसून आला, बुधवारी अँटिव्हायरसने त्याला बाहेर काढलं, आणि तो गेला. घरी येऊन चोवीस तासांत इतक्या कमी कटकटीत परत गेलेला पाहुणा आमच्याकडे दुसरा झालेला नाही. माझी तक्रार आहे ती तो गेल्यानंतर जे सुरू झालं त्याबद्दल.

गुरुवारी सकाळी लॅपटॉप सुरू केला तर पडद्याच्या मधोमध एक छोटी चौकट उभी. मजकूर इंग्रजीत होता. मी केलेला त्याचा कार्यालयीन मराठी तर्जुमा असा : ‘अमुक ठिकाणची तमुक फाईल सुरू करताना अडचण आली. नमूद केलेले मॉड्यूल आढळून आले नाही.’ खाली ‘ओके’ असं एकच बटण. म्हणजे यावर आपलं म्हणणं काय, हे विचारायची पद्धतच नाही. फाईलच्या नावात सोळा अक्षरं होती आणि त्यांत एकही स्वर नव्हता.

लॅपटॉप माझ्या बायकोचा, गुणवंतीचा. लग्नामुळे तिचं कॉलेज अर्धवट राहिलं होतं. ते तिने त्रेचाळिसाव्या वर्षी मुक्त विद्यापीठातून पुन्हा धरलं आणि आता बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होती. तिचा प्रकल्प होता ‘रत्नागिरी किनाऱ्यावरील माशांची बोलीनावे’. माहेर मिरकरवाड्याचं, घरच्या बोटी, त्यामुळे विषय तिला शोधावा लागला नाही. चार महिने रोज दुपारी एका बोटाने टाईप करून तिने दोनशे बारा नावं जमवली होती. लॅपटॉप तिला तिचा धाकटा भाऊ जानू याने भाऊबिजेला घेऊन दिला. तो स्वतःच्या बोटीवर तांडेल, म्हणजे बोटीचा म्होरक्या आहे. दुकानदाराने लॅपटॉप चालू करून देताना नाव आणि मोबाईल नंबर विचारला, तेव्हा समोर जानू उभा होता म्हणून त्याने स्वतःचा सांगितला. याला त्या वेळी कोणीच महत्त्व दिलं नाही.

गुणवंतीने ती चौकट पाहिली, ओके दाबलं आणि टाईप करायला लागली.

“अगं, काय लिहिलंय ते वाचलंस तरी का?”

“बटण दाबलं की जातं ना?”

“उद्या परत येणार.”

“मग उद्या परत दाबायचं.”

ही भूमिका प्रशासकीयदृष्ट्या मान्य होण्यासारखी नव्हती. एकोणतीस वर्षं मी सरकारी कार्यालयात आस्थापना शाखेत आहे. काय झालंय ते मला पहिल्या दिवशीच कळलं होतं. व्हायरस गेला, पण हजेरीपटावरचं त्याचं नाव कोणी कमी केलं नाही. त्यामुळे लॅपटॉप रोज सकाळी त्याच्या नावाने हाक मारतो, कोणी ओ देत नाही, की तो तसा अहवाल सादर करतो. आमच्याकडे एका शिपायाला निवृत्त होऊन तीन वर्षं झाली तरी झेंडावंदनाच्या ड्युटीत त्याचं नाव निघत होतं. तो बिचारा येतही होता. पण व्हायरसाकडून ती अपेक्षा ठेवणं बरोबर नव्हतं. नाव कमी करणं हाच उपाय होता आणि नावं कमी करण्यात माझी हयात गेली होती.

आमच्या खालच्या मजल्यावर धोंडू मास्तर राहतात. निवृत्त चित्रकला शिक्षक. रोज सकाळी माझा पेपर वाचायला वर येतात, कारण त्यांचा पेपर त्यांना पसंत नाही. त्यांनी चष्मा वर करून चौकट पाहिली आणि निदान केलं.

“शिवलकर, ह्याला सुतक आहे.”

“कोणाला?”

“मशिनला. आतला एक गेला ना? तेरा दिवस त्याचं नाव घेणार. चौदाव्या दिवशी आपोआप बंद होईल. हात लावू नका.”

“मास्तर, व्हायरस मशिनचा कोण लागतो?”

“एका घरात राहत होता ना? मग लागतोच.”

यावर आमचा अर्धा तास वाद झाला. चोवीस तास वस्ती केलेल्याचं सुतक किती, असा मुद्दा मी काढला. मास्तरांनी तो विचारार्थ ठेवून घेतला. दुसऱ्या दिवशी ते बिल्डिंगमधल्या आणखी तिघांना चौकट दाखवायला घेऊन आले. गुणवंतीने चहा केला. त्यातल्या एका गृहस्थांनी, लॅपटॉप स्वस्तातला होता का, असं विचारलं. मी त्यांच्यापुढचा चहाचा कप उचलून आत नेला.

आमच्या ऑफिसात विनीत नावाचा कॉम्प्युटर ऑपरेटर आहे. त्याला विचारलं तर तो म्हणाला, “साहेब, दोन मिनिटांचं काम आहे. पण उद्या मी पालीला लग्नाला चाललोय. पुढच्या आठवड्यात येऊन करून देतो.”

दोन मिनिटांचं काम, हे शब्द मला लागले. ज्या कामावर माझा दीड दिवस विचार चालला होता त्याला दोन मिनिटं. मी म्हटलं, येऊ नकोस, नुसतं सांग. त्याने सांगितलं : स्टार्टअपची यादी उघडा आणि त्यातलं जे ओळखीचं वाटत नाही त्याच्यापुढची खूण काढून टाका.

शनिवारी मी यादी उघडली. चौदा नावं होती. त्यांतलं एकही माझ्या ओळखीचं नव्हतं. मी चौदाही खुणा काढल्या.

लॅपटॉप पुन्हा सुरू झाला तेव्हा त्याचा आवाज गेला होता. बाण हलत नव्हता. आणि मराठी कीबोर्ड नाहीसा झाला होता. दुपारी गुणवंती बसली, तिने ‘तारली’ असं टाईप केलं आणि पडद्यावर इंग्रजी व्यंजनांची एक ओळ उमटली. त्या नावाचा मासा कोणीही खाल्ला नसता. तिने आधी पडद्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

चौकट मात्र जागेवर होती. त्या चौदा जणांत तो नव्हताच.

रविवारी विनीतने लग्नाच्या पंगतीतून फोनवर सांगून सगळ्या खुणा परत लावून घेतल्या. पाठीमागून भातावर तूप मागणाऱ्यांचे आवाज येत होते. शेवटी तो म्हणाला, “साहेब, आता मात्र कशालाही हात लावू नका हां.”

माझ्या हाताखालच्या माणसाने, वरणभात जेवता जेवता, मला ही सूचना द्यावी? मंगळवारी मी अर्ध्या दिवसाची किरकोळ रजा टाकली आणि लॅपटॉप घेऊन बसलो. शोधता शोधता एका पानावर मला ‘सेफ बूट’ असा पर्याय दिसला. सेफ म्हणजे सुरक्षित. ज्याचा या शब्दावर विश्वास नाही त्याने सरकारी नोकरीत येऊ नये. मी तिथे खूण केली आणि लॅपटॉप पुन्हा सुरू केला.

पडदा निळा झाला. चौकट नव्हती! क्षणभर मला धन्य वाटलं. मग निळ्यावरची पांढरी अक्षरं वाचली. लॅपटॉपला माझा संशय आला होता. आतलं सगळं त्याने कुलूपबंद केलं होतं आणि ते उघडायला तो अठ्ठेचाळीस आकडी क्रमांक मागत होता.

अठ्ठेचाळीस. आपल्या बँकेचा खाते क्रमांक, आधार आणि गॅसचा ग्राहक क्रमांक एका ओळीत लिहिले तरी एवढी लांबी भरत नाही.

बुधवारी हेल्पलाईनला फोन केला. पस्तीस मिनिटं सतार ऐकल्यावर एक बाई आल्या. क्रमांक मिळेल म्हणाल्या, मात्र तो ज्याच्या नावावर लॅपटॉप आहे त्याच्या खात्यात आहे. “आपण जानू बोलताय का?”

एकोणतीस वर्षांच्या नोकरीत मी खोटं बोललो नव्हतो. मी हो म्हटलं.

“जन्मतारीख सांगा.”

मी फोनवर हात ठेवून गुणवंतीला विचारलं, जानूची जन्मतारीख काय?

“नारळी पुनवेच्या आदल्या दिवशीचा,” ती आतून म्हणाली. “पण का?”

मी फोन ठेवला. आता सांगण्यावाचून इलाज नव्हता. ती स्वयंपाकघरात बांगडे साफ करत होती. मी ओट्याशी उभा राहून सगळं क्रमाने सांगितलं, परिशिष्टांसह. तिने विळीवरून हात उचलला नाही.

“शनिवारी पाच वाजेपर्यंत प्रकल्प द्यायचाय,” ती म्हणाली.

“माहीत आहे.”

“पेनड्राइव्हमध्ये आहे ना पण?”

इथे मला एक गोष्ट सांगावी लागते, जी मी तोवर कोणाला सांगितली नव्हती. व्हायरस पेनड्राइव्हमधून आला, म्हणून तो गेल्या दिवशीच मी पेनड्राइव्ह आतून पूर्ण पुसून काढला होता. स्वच्छतेसाठी.

“तो मी धुतला,” मी म्हणालो.

तिने विळी आडवी केली, हात धुतले, आणि बाहेरच्या खोलीत जाऊन त्या निळ्या पडद्यासमोर बसली. रडली असती तर मी काहीतरी बोललो असतो. चार महिने मिरकरवाड्यात दारोदार फिरून, म्हाताऱ्या बायकांच्या टोपल्यांशी उकिडवी बसून तिने ती नावं गोळा केली होती. त्यातल्या दोघी तर आता नव्हत्याही. अर्ध्या तासाने ती उठली आणि म्हणाली, “जानूला गाठायला हवा.”

जानू सोमवारीच समुद्रात गेला होता, आठ दिवसांसाठी. त्याच्या मोबाईलला तिकडे रेंज नाही. त्याच्या खात्यात शिरायचं तर त्याच्या मोबाईलवर ओटीपी येणार, आणि तो दहा मिनिटंच चालणार.

गुरुवारी सकाळी आम्ही मिरकरवाडा बंदरावर गेलो. बरोबर विनीत. त्याने मला हात लावू नका असं सांगितल्याची एकदाही आठवण करून दिली नाही, आणि ते मला जास्त टोचत होतं. जानूचा मित्र धाकू याची बोट इंजिनाच्या कामासाठी धक्क्याला लागलेली होती. तिच्यावर वायरलेस होता. फळीवरून बोटीत जाताना माझा ऑफिसचा एक बूट पाण्यात पडला. तो कोणी काढला नाही, कारण ओहोटी लागली होती आणि तो निघून गेला.

धाकूने बटण दाबून हाक दिली. “जलकन्या, जलकन्या! जानू तांडेल, ऐकतोस काय? तुझ्या भावोजींच्या कॉम्प्युटरात व्हायरस झालाय. मशीन बंद पडलाय. तुझा नंबर लागतोय, रेंजमधे ये. ओव्हर.”

जलकन्या लांब होती, तिला थेट ऐकू जाईना. मधल्या एका बोटीने निरोप पुढे दिला. आम्ही ऐकत होतो. “जानूला सांगा रे, त्याच्या भावोजींना व्हायरस झालाय. मशीनवर ठेवलाय.”

“अहो, नाही!” मी म्हणालो.

पलीकडे दाभोळची एक बोट होती. तिने तो निरोप घेतला आणि आणखी पुढे ढकलला. “जलकन्या! तुझे भावोजी मशीनवर हायत. मशीन पण बंद पडलाय. नंबर लागलाय त्यांचा. लगेच ये.”

मी धाकूच्या हातातून माईक घेतला. बोलताना बटण दाबून धरायचं असतं, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. माझ्या पहिल्या चार वाक्यांपैकी समुद्रावर काय पोहोचलं ते देव जाणे. मग धाकूने माझा अंगठा धरून बटणावर ठेवला.

“मी शिवलकर बोलतोय! मला काहीही झालेलं नाही. माझी प्रकृती उत्तम आहे!”

थोडी खरखर झाली. मग एक अनोळखी, वैतागलेला आवाज आला. “कोण बडबडतंय? चॅनेल मोकळा करा. तिथं माणूस जातंय!”

मी माईक परत दिला. आपण धडधाकट उभं असताना सबंध ताफा आपल्यासाठी चॅनेल मोकळा करतोय, हे ऐकणं प्रत्येकाच्या वाट्याला येत नाही.

अर्ध्या तासाने, थोडा जवळ आल्यावर, जानूचा आवाज आला, तुटक तुटक. “आक्का कुठं हाय? आक्काला द्या.”

गुणवंतीने माईक घेतला. “जानू, मी बोलत्ये. हे बरे आहेत.”

“म्हणजे हायत?”

“आहेत. इथेच उभे आहेत. लॅपटॉप बंद पडलाय रे. माझा सगळा प्रकल्प आत अडकलाय. तुझ्या फोनवर नंबर येईल, तो मला हवाय.”

मी मान खाली घालून माझ्या उरलेल्या बुटाकडे बघत होतो.

“तुझा पुस्तक आत हाय?” जानूने विचारलं.

“हो.”

“मग येतंय. भावोजी गेले म्हणून जाळी वढलीच हायत.”

भाट्याच्या किनाऱ्यासमोर रेंजमध्ये यायला त्याला दोन तास लागणार होते. वायरलेसवर मात्र शांतता झाली नाही. मघाच्या वैतागलेल्या आवाजाने विचारलं, “कसला पुस्तक म्हणालीस बाय?”

गुणवंतीने सांगितलं. माशांची नावं. आपल्या बोलीतली.

“मुडदुशी घातलीस काय त्यात?”

“घातल्ये.”

“तिला खाली दक्षिणेकडं नगली म्हणतात, तां घातलास?”

दाभोळची बोट मध्ये पडली. नगली वेगळी आणि मुडदुशी वेगळी, असं त्यांचं ठाम मत होतं. तिसऱ्या एका बोटीने दाभोळवाल्यांना मासा कळतो तरी काय असं विचारलं. मग पेडवे आणि तारली यांवरून जुंपली. लहान असताना एक नाव आणि मोठा झाल्यावर दुसरं, अशी कुठली कुठली, यावर एक म्हातारा तांडेल संथपणे बोलत राहिला आणि बाकीचे गप्प झाले. गुणवंतीने पिशवीतून वही काढली. धाकूने तिला बसायला जाळ्याचा गठ्ठा दिला. गुडघ्यावर वही, एका हातात माईक, आणि ती प्रश्न विचारत होती : कुठे सापडतो, कोणत्या महिन्यात, तुमच्या आजीने काय म्हटलं असतं? तिने कधीच न ऐकलेली तीन नावं त्या सकाळी निघाली. ती मी इथे देत नाही. ती तिच्या प्रकल्पात आहेत आणि तिच्या प्रकल्पाला मी हात लावायचा नाही असं ठरलेलं आहे.

या सगळ्यात जानू रेंजमध्ये आला, विनीतने फोनवरून ओटीपी मागवला, तो जानूच्या मोबाईलवर पोहोचला. रेंजची एकच काडी होती. मेसेज येत होता, फोन लागत नव्हता. तेव्हा आकडे वायरलेसवर सांगणं आलं, आणि वायरलेसवर माशांची चर्चा चालू होती. जानूला मध्ये शिरायला जागाच मिळेना. तिकडे जानू बटण दाबून ओरडत होता, इकडे त्याची बहीण त्याच चॅनेलवर शिंगाळ्याचे प्रकार विचारत होती. मी दोनदा तिच्या खांद्याला हात लावला. तिने दोन्ही वेळा बोट वर करून मला थांबायला सांगितलं. दहा मिनिटं संपली. ओटीपी बाद झाला.

दुसऱ्या खेपेला धाकूने माईक घेतला. “सगळ्यांनी गप ऱ्हावा! आकडे येतायत!”

अरबी समुद्र शांत झाला. जानूने सहा आकडे सांगितले. खात्री म्हणून चार बोटींनी ते पुन्हा म्हणून दाखवले. शेवटचा आकडा त्यांतल्या तिघी सात म्हणत होत्या आणि दाभोळची साठ. आम्ही बहुमताने गेलो. विनीतच्या फोनवर खातं उघडलं आणि आत तो अठ्ठेचाळीस आकडी क्रमांक होता. तो वाचत गेला, गुणवंती लिहीत गेली. मला त्या वेळी तिची पिशवी धरायला दिली होती.

घरी येऊन विनीतने क्रमांक घातला. निळा पडदा गेला. दोनशे बारा नावं जिथल्या तिथे होती. आणि पडद्याच्या मधोमध ती चौकटही होती.

माझा हात आपोआप पुढे झाला. गुणवंतीने तो मधल्यामधे धरला आणि खाली ठेवला. विनीतने कुठलंसं वेळापत्रक उघडलं. व्हायरसाने जाताना, मला रोज सकाळी उठवा, असं तिथे लिहून ठेवलं होतं. विनीतने ती एक ओळ पुसली. एक मिनिट दहा सेकंद लागले. मी घड्याळ लावलं होतं, कारण तो दोन मिनिटं म्हणाला होता.

शुक्रवारी सकाळी चौकट आली नाही. धोंडू मास्तरांनी येऊन बोटांवर मोजलं. “नववाच दिवस,” ते म्हणाले. “जवळचं नातं नसणार.” आणि पेपर घेऊन बसले.

संध्याकाळी जानू आला. चार दिवस आधी परत यावं लागलं होतं त्याला. मी त्याची माफी मागायला लागलो तर तो म्हणाला, “भावोजी, वायरलेसवर तुमच्यासाठी दोन बोटींनी नवस बोललान हाय. तां फेडायचा काय तां तुम्ही बघा.” मग तो गुणवंतीजवळ बसला आणि तिने त्याला त्याच्या आज्याच्या तोंडची नावं टाईप केल्यावर कशी दिसतात ते दाखवलं. एकेक ओळ तो बोट लावून वाचत होता.

शनिवारी साडेचारला प्रकल्प दाखल झाला. पंधरा दिवसांनी तोंडी परीक्षा होती. मी अभ्यासकेंद्राच्या व्हरांड्यात बाकावर बसलो होतो, दार उघडं होतं. बाहेरून आलेल्या परीक्षक बाईंनी प्रकल्प पुढे-मागे चाळला आणि शेवटच्या पानावर थांबल्या.

“ही शेवटची तीन नावं मी कुठेच वाचलेली नाहीत. कुठून मिळवलीत?”

“समुद्रातल्या तांडेलांकडून. वायरलेसवर. आठ-दहा बोटी होत्या एकदम.”

“एकदम? त्या सगळ्यांना एका वेळी बोलतं कसं केलंत? कल्पना कोणाची?”

गुणवंतीने दाराकडे पाहिलं. आमच्या लग्नाला सव्वीस वर्षं झाली आहेत. त्या सव्वीस वर्षांत तिला माझा हिशेब चुकता करायची इतकी सोयीची संधी कधी आली नव्हती.

“ह्यांची,” ती म्हणाली.

बाईंनी मला आत बोलावलं. आत आणखी अकरा विद्यार्थी होते, बहुतेक गुणवंतीच्याच वयाचे, पुढच्या वर्षी प्रकल्प करणारे. बाई त्यांना म्हणाल्या, हे लक्षपूर्वक ऐका, क्षेत्रीय संशोधनाची अशी पद्धत पुस्तकात मिळत नाही. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, “सर, पहिल्या पायरीपासून सांगा.”

मी गुणवंतीकडे पाहिलं. ती खिडकीबाहेर बघत होती आणि तिचे खांदे हलत होते.

मी घसा साफ केला. “प्रथम,” मी म्हणालो, “पेनड्राइव्ह पूर्ण पुसून घ्यावा.”

अकराही जणांनी ते वहीत लिहून घेतलं.